गर्दी फार होती हो!

वाचकहो, जत्रेहून परतलेल्या माणसाला "कशी काय झाली जत्रा?" असे विचारून पाहा. तो पिशवी खाली ठेवील, घाम पुशील आणि एकच वाक्य बोलेल: "सगळे छान, पण गर्दी फार होती हो!"

या वाक्यात एक मोठी गंमत आहे. बोलणारा त्या गर्दीत स्वतःला कधीच धरीत नाही. गर्दी म्हणजे इतर लोक. आपण, आपली बायको, आपली मुले आणि आपल्याबरोबर आलेली शेजारची दोन माणसे वगळून जे काय उरेल ती गर्दी. आता ती शेजारची दोन माणसेही घरी जाऊन हेच सांगत असतात, ही गोष्ट वेगळी.

आम्ही चांदवडचे. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकच्या पुढे साठ-पासष्ट किलोमीटरवर आमचे गाव लागते. पाठीशी डोंगरांची रांग, पायथ्याशी गाव, गावात होळकरांचा रंगमहाल आणि डोंगराच्या कुशीत रेणुकामाता. आमची टाकसाळ गेली, पण जुन्या माणसांच्या तोंडी चांदवडी रुपया अजून वाजतो. एरवी आमच्याकडे पाहुणा म्हणजे कांद्याचा व्यापारी नाहीतर वाट चुकलेला मोटारवाला. नवरात्र आले, की मात्र साऱ्या मुलखाला आमची आठवण होते. डोंगरापलीकडल्या वाड्यांपासून डोंबिवलीपर्यंत सगळे लोटतात.

डोंबिवलीचा उल्लेख उगीच केला नाही. आमची ताई तिथे असते. एका नवरात्रात ती सहकुटुंब आली. ताई, दाजी, त्यांचे दोन मुलगे, एक सून, दोन नातवंडे, दाजींची बहीण आणि तिचे यजमान अशी मोजून नऊ माणसे. आम्ही तीस वर्षे मास्तरकी केलेली असल्यामुळे माणसे मोजायची सवय गेलेली नाही.

ही मंडळी त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मुंबईजवळच्या एका मोठ्या मनोरंजन उद्यानात जाऊन आली होती. रात्री जेवताना दाजींनी त्या उद्यानातल्या लोकांचा जो उद्धार केला तो ऐकून आमची सौ. भात वाढायची थांबली.

"अहो, एकेका पाळण्याला तास-तास रांग! आणि लोक काय एकेक! एकटा पुढे उभा राहतो, आणि आपला नंबर लागायच्या वेळी त्याचे दहा नातेवाईक उपटतात. पाण्यात उतरायला वेगळे कपडे घाला म्हटले, की साड्या नेसून उतरतात. पोरांना उंची कमी म्हणून बसू देत नाहीत, तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालतात. खाऊचे कागद तर सगळीकडे. आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाहीच. परदेशात असे चालत नाही."

परदेशात काय चालते याची आम्ही थोडी माहिती काढून ठेवलेली आहे. १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांनी डिस्नेलँड उघडले. पहिला दिवस फक्त निमंत्रितांचा. पण खोटी निमंत्रणपत्रे छापून हजारो लोक आत शिरले. पुढे याच कंपनीने अपंगांना ताटकळावे लागू नये म्हणून त्यांच्यासाठी वेगळी सोय ठेवली. २०१३ साली वर्तमानपत्रांत आले, की काही श्रीमंत कुटुंबे पैसे मोजून एखादा अपंग माणूस बरोबर घेतात आणि त्याच्या जिवावर रांग चुकवतात. त्याच वर्षी कंपनीला ती जुनी पद्धत मोडून नवी आणावी लागली. रांग लवकर सरावी म्हणून १९९९ साली तिथे एक चिठ्ठी फुकट मिळू लागली होती. २०२१ पासून तशाच सोयीला पैसे पडू लागले. तेव्हा 'परदेशात असे चालत नाही' हे अर्धेच खरे. परदेशात ते जास्त भाड्याने चालते, एवढेच.

हे आम्ही दाजींना सांगितले नाही. मेहुण्यांशी वाद घालू नये, आणि जेवताना तर मुळीच घालू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना रंगमहाल दाखवायला नेले. अहिल्याबाईंच्या काळचे ते लाकडी खांब, त्यांवरची नक्षी, भिंतींवरची जुनी चित्रे पाहून माणूस मुका व्हावा. पण आमच्याकडे येणारा माणूस मुका होत नाही, लिहिता होतो. कोणी खिळ्याने लिहितो, कोणी किल्लीने. नाव, गाव, मध्ये बदाम आणि बदामाच्या पलीकडे दुसरे नाव. दोनशे वर्षांपूर्वीच्या सुताराने महिना महिना खपून जे वेल काढले, त्यावर याचे पाच मिनिटांचे प्रेम कायमचे बसते. त्या प्रेमाचे पुढे लग्न झाले की नाही कोण जाणे. खांबाचा मात्र संसार बिघडला.

दाजी तिथेही म्हणाले, "आपल्याच लोकांना ही खोड."

इथे मात्र आम्हांला राहवले नाही. "दाजी," आम्ही म्हणालो, "१८१८ साली आपले चांदवड इंग्रजांच्या हाती गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी, एप्रिल १८१९ मध्ये, मद्रास इलाख्याच्या २८ व्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा एक अंमलदार शिकारीच्या नादात अजिंठ्याला पोचला. साऱ्या जगाला अजिंठा त्याच्यामुळे कळला म्हणतात. आणि दहाव्या लेण्यात शिरल्यावर या गृहस्थाने काय केले? तिथल्या चित्रावर आपले नाव नि तारीख कोरून ठेवली. लेण्यात तेव्हा पुरुषभर दगडमातीचा ढीग होता, त्यावर तो उभा राहिला. पुढे ढीग काढला. म्हणून ते नाव आज हात पोचणार नाही इतके उंच दिसते."

"म्हणजे पहिला प्रवासी नि पहिला खांबलेखक एकच!" ताईचा धाकटा म्हणाला. पोरगा हुशार आहे.

आता कायदा झाला आहे. १९५८ चा स्मारकांविषयीचा केंद्राचा कायदा २०१० साली कडक केला. अजिंठ्यासारख्या केंद्राच्या ताब्यातल्या संरक्षित स्मारकाची नासधूस केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण प्रत्येक खांबापाशी एकेक शिपाई कोण उभा करणार? आणि शिपाई हवाच कशाला? आपल्या घरातल्या देव्हाऱ्यावर कोणी किल्लीने नाव कोरीत नाही. तिथे 'हे माझे आहे' असे वाटते. रंगमहाल सगळ्यांचा, आणि सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही, असा आपला हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे हे आम्ही वर्गात तीस वर्षे शिकवले. अगदी फळ्यावर लिहून शिकवले.

नवरात्रात देवीच्या अलंकारांची पालखी याच रंगमहालातून निघून मंदिराकडे जाते. पालखीच्याच वाटेने आमचे नऊ पाहुणे, सौ. आणि आम्ही असे अकरा जण दुपारी यात्रेत शिरलो.

यात्रेतल्या माणसांचे आम्ही फार दिवसांपासून वर्गीकरण करीत आलो आहोत. वाचकांच्या सोयीसाठी थोडक्यात देतो.

पहिला वर्ग पिपाणीवाल्यांचा. पिपाणी वाजवण्यासाठी असते हे आम्हांला मान्य आहे. ती दुसऱ्याच्या कानातच वाजवली पाहिजे हे मान्य नाही.

दुसरा वर्ग थांबणाऱ्यांचा. वाट चार हात रुंद, मागून लोंढा येतोय, आणि यांना नेमक्या त्या जागी मामेभाऊ भेटतो. मग गावाकडचा पाऊस, कांद्याचा भाव, कोणाची सोयरीक कुठे जुळली असे सगळे विषय तिथेच. मागच्या दोनशे माणसांना ती सोयरीक पाठ होते.

तिसरा वर्ग फेकणाऱ्यांचा. उसाचे चिपाड, केळीचे साल, पाण्याची बाटली. हातातली वस्तू संपली, की ती हाताबाहेर गेली पाहिजे. कुठे पडते, कोणाच्या पायाखाली येते, हा देवीचा प्रश्न.

चौथा वर्ग छायाचित्रवाल्यांचा. हा नवा आहे. पूर्वी माणूस देवीकडे तोंड करून उभा राहत असे. आता देवीकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे छायाचित्रात दोघेही येतात.

पाचवा वर्ग रुमालवाल्यांचा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. यात्रेत तो रुमालाऐवजी माणूस टाकतो. एकाला रांगेत उभा करायचा, बाकीच्यांनी भजी खायची, पाळण्यात बसायचे आणि दाराजवळ येऊन त्याला मिळायचे. दाजींना मनोरंजन उद्यानात भेटला तो हाच. आमच्या मते पाचांत हा सगळ्यांत वाईट. पिपाणीवाला कान घेतो, फेकणारा फार तर पाय घसरवतो. रुमालवाला दुसऱ्याचा वेळ घेतो, आणि वेळ काही परत करता येत नाही.

गर्दीत ढकलाढकलीची चेष्टा करू नये, हे नाशिक जिल्ह्याला कोणी सांगायला नको. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. कोणीतरी गर्दीत चांदीची नाणी उधळली आणि ती घ्यायला लोक झेपावले, असे त्या वेळी वर्तमानपत्रांनी लिहिले. तिथे कोणी कोणाचा शत्रू नव्हता. प्रत्येकाला फक्त थोडेसे पुढे जायचे होते.

असो. आम्ही रांगेला लागलो तेव्हा तीन वाजले होते. मुलांना पाळणा खुणावत होता. दाजी म्हणाले, "तुम्ही दोघे उभे राहा, आम्ही एवढ्यात आलोच." सौ. आणि आम्ही उभे राहिलो.

आमच्या मागे एक म्हातारी होती. अंगावर नऊवारी, पायांत झिजलेल्या वहाणा, हातात पिशवी. पिशवीत नारळ आणि खण. दर दहा मिनिटांनी ती मनगटी घड्याळवाल्या कोणाला तरी वेळ विचारी. थोड्या वेळाने तीन तरुण वाकून बाजूच्या दोरीखालून आत घुसू लागले. आम्ही त्यांतल्या पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर्गातल्या आवाजात म्हणालो, "बाळ, रांग म्हणजे रांग. शेवट तिकडे आहे." तिघेही मुकाट्याने मागे गेले.

म्हातारी खूष झाली. "बरं बोललात गुरुजी. गुरुजीच ना तुम्ही? माझा धाकला तुमच्याच वर्गात व्हता. रोज सांगायचा, गुरुजी वळीत उभं केल्याबिगर घरला सोडत न्हाईत म्हून."

आम्ही छाती फुगवली. सौ.कडे पाहिले. सौ. पाळण्याकडे पाहत होती.

"आजी, सारखी वेळ का विचारताय?"

"साडेपाचची एसटी हाय ना बाबा. ती गेली म्हंजी मंग डोंगराकडं काहीच न्हाई. घरी दूध काढायचं ऱ्हायलंय, नि सून बाळंतीण हाय."

रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. पुढे काय चाललेय ते आम्ही टाचा उंचावून पाहिले. पुढे तेच चालले होते. इथे चार जण येऊन मिळाले, तिथे सहा जण मिळाले. आमच्यापुढे चाळीस माणसे होती, अर्ध्या तासाने मोजली तर चव्वेचाळीस भरली. आम्ही मोठ्याने म्हणालो, "काय ही माणसे!" म्हातारी म्हणाली, "व्हय ना!"

पाच वाजून गेले. दार अगदी जवळ आले. पुढे पंधरा-वीस माणसे उरली असतील. आणि तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

"अहो, इकडे, इकडे! जरा वाट द्या हो, आमची माणसे पुढे आहेत!"

दाजी, ताई, दोन मुलगे, सून, दोन नातवंडे, दाजींची बहीण, तिचे यजमान. नऊ. हातांत भज्यांचे कागद, धाकट्या नातवाच्या तोंडात पिपाणी. तो तरुण मघाशी ज्या दोरीखालून घुसत होता तीच दोरी सौ.ने हाताने वर उचलली, आणि नऊही जण आमच्यापुढे येऊन उभे राहिले.

वाचकहो, येथवर आम्ही 'आम्ही' म्हणत आलो. सदर लिहिणाराला ते शोभते. पण इथून पुढे ती सोय नाही. मी गप्प राहिलो. मघाशी परक्या पोराच्या खांद्यावर पडलेला हात दाजींच्या खांद्यावर पडला नाही. ताई किती दिवसांनी आलेली, दाजी रागावतील, मुले दमलेली, एवढी कारणे मला एका क्षणात सुचली. त्या तीन तरुणांकडेही अशीच कारणे असतील. ती मी विचारली नव्हती.

मागे वळून पाहायचा धीर होईना. तरी पाहिले. म्हातारी बोटांवर मोजीत होती.

मास्तराला मनात गणित करावेच लागते. गाभाऱ्यात दर माणशी अर्धा मिनिट धरला, तर नवांचे साडेचार मिनिटे. एवढ्याने कोणाचे काय बिघडते? पण रांगेत मागे दोनशे माणसे होती, आणि ते साडेचार मिनिट दोनशे जणांना एकेकदा भरावे लागणार होते. त्यात आमच्यापुढल्यांचे चार, त्यांच्यापुढल्यांचे सहा. प्रत्येकाने आपापले थोडेसेच घेतले होते. त्या सगळ्या थोड्या-थोड्याची बेरीज होऊन एक एसटी सुटणार होती.

"गुरुजी," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. "मला काही आता व्हत न्हाई. तुम्ही पोचालच. माझा एवढा नारळ नि खण वाहा आईला."

"आजी, तुम्ही या ना पुढे, आमच्याआधी या," मी म्हणालो. पण माझ्या आणि दाराच्या मध्ये आता वीस नव्हे, जवळजवळ तीस माणसे होती, आणि त्यांतली नऊ माझी होती.

"नको बाबा. तुमच्या एका शब्दानं एवढ्या लोकांनी कसं वाट द्यावी? नि त्यांनी तरी का द्यावी? तीबी उभीच हायेत सकाळधरनं." तिने पिशवी माझ्या हातात दिली, बाजूला सरकून कळसाकडे पाहिले, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि पदर खोचून ती उताराला लागली. त्या गर्दीत ती कोणालाही धक्का न देता गेली. हे मी नीट पाहिले.

आम्हां अकरा जणांचे दर्शन झाले. छान झाले. नारळ वाहिला, खण वाहिला. कोणाच्या नावाने सांगू ते सुचेना, कारण नाव मी विचारलेच नव्हते. माझ्या विद्यार्थ्याची आई, एवढेच मनात म्हणालो. नारळाची अर्धी वाटी प्रसाद म्हणून परत मिळाली.

ती वाटी घेऊन दुसऱ्या दिवशी पाच वाजताच मी एसटी स्टँडवर जाऊन बसलो. साडेपाचच्या गाडीच्या कंडक्टरला विचारले, "काल एक आजी आल्या होत्या का, नऊवारी नेसलेल्या?" तो हसला. नवरात्रात त्या गाडीला निम्म्या आज्याच असतात. मग गाडीत चढून तीच हकिकत सगळ्यांना सांगितली. सून बाळंतीण आहे म्हटल्यावर मागल्या बाकावरची एक बाई म्हणाली, "आमच्या वाडीतलीच ती. द्या इकडं." तिने वाटी पदरात बांधली.

"काल त्यांना गाडी मिळाली का?" मी विचारले.

"गाडी सुटल्याली. मालेगावकडनं आलेल्या एका टेम्पोवाल्यानं फाट्यापोत सोडलं. तिथून पायी आली. रातीचे नऊ वाजले."

वाडी फाट्यापासून किती लांब आहे, ते विचारण्याआधी गाडी सुटली.

२०२७ साली नाशिकला पुन्हा सिंहस्थ आहे. लक्षावधी माणसे या महामार्गाने जातील, आणि त्या लक्षावधींत एकही माणूस गर्दी नसेल. सरकार दोर लावील, पोलीस उभे करील, ते केलेच पाहिजे. पण दोराची एक बाजू कोणाची तरी सौ. हाताने वर उचलणार, आणि कोणीतरी मास्तर त्या वेळी आकाशाकडे पाहणार, तोवर त्या दोराचा उपयोग तेवढाच. परक्याला शिस्त शिकवणे सोपे आहे, मी तीस वर्षे शिकवली. आपल्या माणसाला 'मागे जा' म्हणणे अवघड. खरी रांग तिथून सुरू होते.

परवा दिवाळीचे निमंत्रण करायला ताईचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "त्या नवरात्रात छानच दर्शन झाले रे. पण गर्दी फार होती, नाही?"

"होती ना," मी म्हणालो. "आपणच अकरा जण होतो."